पंचाहत्तर हर्ट्झचे खेळ, साठ हर्ट्झचा पडदा : हँडहेल्ड प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी : यंत्र आणि यादी

काम: विसरली गेलेली जुनी गेम-यंत्रं आजच्या एका हँडहेल्डवर चालवायची. यंत्र: ३.५ इंची ६४०×४८० पडदा, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं). ऑलविनर एच७०० चिप, १ जीबी रॅम, दोन मायक्रोएसडी खाचा, दोन अॅनालॉग स्टिक. लिनक्सवर रेट्रोआर्क (जुन्या यंत्रांचे खेळ चालवणारा प्रोग्राम; प्रत्येक यंत्राचं एमुलेटर त्यात 'कोअर' म्हणून बसतं).

एनईएस, मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन यातलं काहीही इथे घेतलेलं नाही. ती यंत्रं कुठल्याही तयार कार्डावर पहिल्या दिवसापासून चालतात. यादी अशी: वंडरस्वान (१९९९), पोकेमॉन मिनी (२००१), व्हर्च्युअल बॉय (१९९५), मेगा डक (१९९३), वटारा सुपरव्हिजन (१९९२), अटारी लिंक्स (१९८९), व्हेक्ट्रेक्स (१९८२), इंटेलिव्हिजन (१९७९), ओडिसी२ (१९७८), फेअरचाइल्ड चॅनल एफ (१९७६). जमलं तर मेमवर (अनेक यंत्रांचं एकच मोठं एमुलेटर) चालणारी दोन-तीन अनाथ यंत्रं.

चिपच्या ताकदीचा प्रश्न या यादीत जवळपास येतच नाही. वंडरस्वानचा प्रोसेसर ३.०७२ मेगाहर्ट्झचा, व्हेक्ट्रेक्सचा १.५. घोळ होतो तो मूळ यंत्राच्या ठेवणीत: पडदा सेकंदाला भलत्याच वेळा बदलतो, चित्राचा आकार जुळत नाही, आणि बटणं अशी की आजच्या हँडहेल्डवर त्यांना जागाच नाही. काम तिथेच करायचं आहे.

६ जानेवारी : कार्ड आणि बायोस

सिस्टम एका कार्डावर, खेळ दुसऱ्यावर. खेळांचं कार्ड एक्सफॅट. वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासलं. कार्ड खोट्या क्षमतेचं निघालं तर ते सुरुवातीला कळत नाही. अर्धं भरल्यावर जुन्या फायली बिघडायला लागतात आणि दोष एमुलेटरच्या माथी जातो.

मॅकवरून फायली टाकल्या की प्रत्येक रॉमसोबत (खेळाची फाइल) ठिपका-अंडरस्कोअरने सुरू होणारी चार केबीची सावली-फाइल येते. यादीत तीही खेळ म्हणून दिसते आणि निवडली की काळा पडदा. कॉपी झाल्यावर त्या सगळ्या पुसल्या.

बायोस (मूळ यंत्राचं अंगभूत सॉफ्टवेअर) फायली रेट्रोआर्कच्या सिस्टम फोल्डरमध्ये थेट ठेवायच्या, उपफोल्डरमध्ये नाही. नावं इंग्रजी लहान अक्षरांत, विस्तारासकट नेमकी. पहिली तपासणी आकाराची, कारण ती डोळ्यांनी होते:

इंटेलिव्हिजन: एक्झेक.बिन ८,१९२ बाइट, ग्रोम.बिन २,०४८ बाइट.
ओडिसी२: ओ२रॉम.बिन १,०२४ बाइट.
चॅनल एफ: एसएल३१२५३.बिन आणि एसएल३१२५४.बिन, प्रत्येकी १,०२४.
लिंक्स: लिंक्सबूट.आयएमजी, फक्त ५१२.
पोकेमॉन मिनी: बायोस.मिन ४,०९६. ही नसेल तर कोअर स्वतःचा मोफत बायोस वापरतो, त्यामुळे अडत नाही.

वंडरस्वान, सुपरव्हिजन आणि व्हर्च्युअल बॉयला बायोस लागत नाही. व्हेक्ट्रेक्सचा कोअरच्या आतच आहे. खेळाची रॉम झिपमध्ये चालते, बायोस मात्र झिपमध्ये ठेवला तर या कोअरना तो सापडत नाही. मेमचं उलट आहे, तिथे सगळं झिपमध्येच लागतं. त्यावर पुढे.

७ जानेवारी : बिन, बिन, बिन

मेगा डक, व्हेक्ट्रेक्स, चॅनल एफ, इंटेलिव्हिजन, ओडिसी२ या पाचही यंत्रांच्या रॉम 'बिन' विस्ताराने फिरतात. आपोआप स्कॅन लावला तर रेट्रोआर्क दरवेळी 'कोणता कोअर?' विचारत बसतो किंवा चुकीचा लावतो. चुकीच्या कोअरमध्ये रॉम गेली तरी बहुतेकदा त्रुटी येत नाही, नुसती रंगीत रेघोटी किंवा कोरा पडदा येतो.

जिथे शक्य तिथे विस्तार बदलले: चॅनल एफला सीएचएफ, व्हेक्ट्रेक्सला व्हीईसी, इंटेलिव्हिजनला आयएनटी. मेगा डक आणि ओडिसी२ बिनच राहिले. त्यांना फोल्डरनिहाय कोअर पक्का करून दिला.

इंटेलिव्हिजनची एक वेगळी गोम आहे. त्याच्या रॉममधला शब्द १० बिटांचा. फाइलमध्ये तो १६ बिटांत साठवतात. रॉमचा कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावर बसवायचा हे बिन किंवा आयएनटी फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. जुन्या बाजारू खेळांचे नकाशे फ्रीइंटव्ही कोअरला माहीत आहेत, म्हणून ते चालतात. नवे हौशी खेळ बहुधा सोबत एक सीएफजी फाइल देतात, ती हा कोअर वाचत नाही. उपाय: जेझेडइंटव्ही या दुसऱ्या एमुलेटरच्या साधनांतलं बिन२रॉम वापरून दोन्ही मिळून एक आरओएम फाइल करायची. तिच्यात नकाशा आतच असतो.

१० जानेवारी : वंडरस्वान, पहिला दिवस

कोअर: बीटल सिग्न. खेळ सुरू झाला, पण सुस्त, आणि आवाज तुटक.

कारण आकड्यांत आहे. वंडरस्वानच्या एका ओळीला २५६ घटिका (प्रोसेसरचे ठोके) लागतात आणि एका फ्रेममध्ये १५९ ओळी. ३०,७२,००० भागिले (२५६ × १५९) म्हणजे ७५.४७. पडदा ६० चा. व्हीसिंक चालू असताना रेट्रोआर्क पडद्याच्या प्रत्येक फेरीला एकच फ्रेम देतो, म्हणून ७५ फ्रेमचा खेळ ६० वर अडकतो. वेग ७९.५ टक्के. आवाजही तेवढाच कमी तयार होतो आणि बफर रिकामा पडत राहतो.

रेट्रोआर्क आवाजाचा दर किंचित हलवून असे फरक पचवतो, पण त्याला मर्यादा आहे. दर-नियंत्रणाची मूळ नेमणूक ०.००५, म्हणजे अर्धा टक्का. ५९.७ आणि ६० मधला फरक त्यात बसतो. पंचवीस टक्के कुठून बसणार? काही जण ही नेमणूक वाढवून पाहतात. त्याने सुरांची उंची डळमळते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

नेमका उपाय कोअरच्या पर्यायांतच आहे: '६० हर्ट्झ मोड' चालू. कोअर आतल्या आत खेळ ७५.४७ च्या वेगानेच चालवतो, पण सेकंदाला सुमारे १५ चित्रं गाळून बाहेर ६० देतो. वेग बरोबर, आवाज अखंड. आडव्या सरकणाऱ्या पार्श्वभूमीत बारीक हिसके दिसतात. लढाईच्या किंवा पाटावरच्या खेळांत ते जाणवत नाहीत. नेमबाजीच्या खेळांत लक्ष दिलं तर जाणवतात. ६० च्या पडद्यावर याहून चांगलं होणार नाही, त्यामुळे यावर आणखी वेळ घालवायचा नाही.

१२ जानेवारी : वंडरस्वान, उभं-आडवं

मूळ यंत्रात डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन संच आहेत: वर वाय, खाली एक्स. ए आणि बी उजवीकडे. आडवं धरलं की एक्सने हालचाल. काही खेळांसाठी यंत्र उभं धरायचं, तेव्हा डावी बाजू खाली येते, वाय संच डाव्या अंगठ्याखाली आणि एक्स उजव्या अंगठ्याखाली जातो. म्हणजे उभ्या खेळात हालचाल वायने आणि कृती एक्सने.

खेळ कोणत्या जातीचा हे रॉमच्या शेपटाला लिहिलेलं असतं. वंडरस्वानचा मथळा फाइलच्या सुरुवातीला नसून शेवटी आहे. टर्मिनलवर टेल कमांडने शेवटचे १० बाइट काढून षोडशमानात पाहिले. त्यांतल्या सातव्या बाइटाचा सर्वांत खालचा बिट ० असेल तर आडवा, १ असेल तर उभा. दुसरा बाइट १ असेल तर खेळ रंगीत यंत्राचा. शेवटचे दोन बाइट म्हणजे बाकी सगळ्या बाइटांची बेरीज (१६ बिटांत मावेल तेवढी). डंप (कार्ट्रिजवरून काढलेली प्रत) नीट उतरलाय का हे त्यावरून लगेच कळतं.

याचाच दुसरा अर्थ: वंडरस्वानची रॉम शेपटाकडून कापायची किंवा वाढवायची नाही. जागा वाचवणारी साधनं इतर यंत्रांच्या रॉमच्या शेवटची रिकामी जागा छाटतात. इथे तसं केलं तर मथळाच गेला.

मांडणी: पडदा ४:३ असल्यामुळे हँडहेल्ड हातात उभं फिरवायची गरज नाही. वंडरस्वानचं चित्र २२४×१४४. आडव्यात दुप्पट केलं तर ४४८×२८८, उभ्यात २८८×४४८, आणि ४८० उंचीत ४४८ आरामात बसतं. डी-पॅडला वाय संच, उजव्या चार बटणांना एक्स संच, ए आणि बी खांद्यावरच्या बटणांना. कोअरमध्ये 'बटणांची मांडणी फिरवा' हा पर्याय आपोआपवर ठेवला. गुणोत्तर 'कोअरने दिलेलं' असं ठेवायचं. ४:३ सक्तीचं केलं तर उभं चित्र फुगून बसकं होतं. चित्र फिरतच नसेल तर व्हिडिओ ड्रायव्हर बघा. जीएलवर फिरतं, साध्या फ्रेमबफर ड्रायव्हरवर ती विनंती दुर्लक्षित होते.

दुप्पट चित्र लहान वाटतं ही तक्रार ठरलेली. हिशोब केला: ६४०×४८० चा कर्ण ८०० पिक्सेल म्हणजे ३.५ इंच. ४४८×२८८ चा कर्ण साधारण ५३३ पिक्सेल, म्हणजे २.३३ इंच. मूळ वंडरस्वानचा पडदा सुमारे अडीच इंची होता. मूळ यंत्रावर जेवढं दिसायचं, जवळपास तेवढंच दिसतंय.

१३ जानेवारी : हरवलेले सेव्ह

वंडरस्वानचा खेळ आत सेव्ह केला, पॉवर बटण दाबून धरून यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केल्यावर सेव्ह गायब. रेट्रोआर्क कार्ट्रिजची स्मृती खेळ नीट बंद होतानाच कार्डावर लिहितो. वीज तोडली की ती जाते. सेव्हिंग विभागात 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह' ३० सेकंदांवर ठेवलं. हे सगळ्या कोअरसाठी सरसकट केलं.

१७ जानेवारी : पोकेमॉन मिनी

मूळ पडदा ९६×६४, काळा-पांढरा. सहापट केला की ५७६×३८४. या पडद्यासाठी मापून शिवल्यासारखा. खेळ अधिकृत असे दहाच, त्यामुळे सगळे तपासता येतात.

ए आणि बी जागच्या जागी. सी हे मूळ यंत्राच्या खांद्यावरचं बटण, म्हणून आर. यंत्र हलवलं की ओळखणारा संवेदक आहे, तो एल बटणावर येतो. धावायला लावणाऱ्या खेळांत एल सतत दाबावं लागतं आणि स्वस्त हँडहेल्डचं एल बटण कडक असतं. टर्बो लावला तर बोट वाचतं. सिलेक्टवर पॉवर आहे. ते रिमॅपमध्ये (बटणांच्या फेरमांडणीत) रिकामं केलं, कारण हॉटकी म्हणून सिलेक्ट वापरताना खेळ मध्येच बंद पडत होता.

आता दर. पोकेमिनी कोअर ७२ फ्रेमवर चालतो, आणि वंडरस्वानसारखा ६० चा मोड त्यात नाही. व्हीसिंकसह वेग ८३ टक्क्यांवर येतो, आवाज तुटतो. दोन वाटा आहेत. व्हीसिंक बंद केलं तर चित्रात आडवी चीर दिसते. थ्रेडेड व्हिडिओ चालू केला तर खेळ वेगळ्या धाग्यावर आवाजाच्या तालावर चालतो आणि पडद्याला परवडतील तेवढीच चित्रं घेतली जातात. दुसरी वाट घेतली. बटणाचा प्रतिसाद थोडा मागे पडतो, पण या खेळांत चालून जातं. ही नेमणूक 'कोअर ओव्हरराइड' म्हणून साठवली. सरसकट चालू ठेवली तर बाकीच्या यंत्रांचा प्रतिसाद विनाकारण मंदावेल.

याच यंत्राची गंमत थोडी जवळून बघण्यासारखी आहे. पडद्याला करडा रंग नाही. खेळ एक पिक्सेल एका फ्रेमला काळा, पुढच्याला पांढरा करतात. जुना एलसीडी इतका संथ की डोळ्याला करडं दिसतं. कोअरमध्ये एलसीडी मोड 'दोन छटा' ठेवला आणि वर ७२ मधली १२ चित्रं गाळली, तर ती काळी-पांढरी पाळी मध्येच मोडते. करडी ढगांची पट्टी लुकलुकत राहते, तीही विषम ठेक्यात. 'अॅनालॉग' मोडमध्ये मिश्रण कोअरच्या आतच, चित्र गाळलं जाण्याआधी होतं. लुकलुक गेली. बाहेरून शेडर (तयार चित्रावर लावायचा परिणाम) लावून मिश्रण करायचा प्रयत्न याच कारणाने फसतो: शेडरला गाळलेली चित्रं मिळतच नाहीत.

२० जानेवारी : सुपरव्हिजन, मेगा डक, लिंक्स

तिन्ही एका बैठकीत झाले.

सुपरव्हिजन: पोटेटर कोअर, चित्र १६०×१६०, तिप्पट म्हणजे ४८०×४८०. उंची अगदी काठोकाठ. मूळ पडद्यावर हलत्या वस्तूंमागे शेपूट राहायचं. कोअर तेही दाखवू शकतो, पण बंदच ठेवावं. अस्सलपणापायी कोणी एवढे हाल सोसू नयेत.

मेगा डक: सेमडक कोअर, १६०×१४४, तिप्पट ४८०×४३२. आतून हे गेम बॉयचंच भावंड, फक्त रजिस्टरांचे पत्ते इकडचे तिकडे केलेले आणि रॉमला गेम बॉयसारखा मथळा नाही. म्हणून गेम बॉयच्या कोअरमध्ये या रॉम चालत नाहीत.

लिंक्स: हँडी कोअर, १६०×१०२, चौपट ६४०×४०८. रुंदी नेमकी भरते. उभे खेळ कोअर फिरवतो, पण ४८० उंचीत १६० ची तिप्पटच बसते.

जाळीदार एलसीडी शेडर तिघांवर तपासला. एक पिक्सेलची काळी रेघ धरली तर दुपटीत २५ टक्के पिक्सेल उजळ उरतात, तिपटीत ४४, सहापटीत ६९. म्हणून वंडरस्वानवर जाळी लावली की चित्र अंधारतं आणि पोकेमॉन मिनीवर तीच छान दिसते. नियम: तिपटीच्या खाली जाळी नाही.

२४ जानेवारी : व्हर्च्युअल बॉय

यादीतलं एकमेव यंत्र जिथे चिपला थोडा घाम येतो. मूळ प्रोसेसर २० मेगाहर्ट्झचा एनईसी व्ही८१०. बीटल व्हीबी कोअरमध्ये प्रोसेसर एमुलेशन 'जलद' ठेवलं, चिपचा गव्हर्नर (तिचा वेग ठरवणारी नेमणूक) 'परफॉर्मन्स'. पॉवरसेव्हवर बहुतेक यंत्रं निवांत चालतात. इथे आवाज चटचटतो.

चित्र ३८४×२२४. दुप्पट ७६८ होतात, मावत नाही. एकपट ठेवलं तर टपाल तिकीट. ६४० भागिले ३८४ म्हणजे बरोबर ५/३, उंची ३७३. पूर्णांक नसल्यामुळे काही पिक्सेल जाड, काही बारीक येतात. 'शार्प बायलिनिअर' शेडरने ती विषमता कडांवर विरघळते. लाल-काळ्या चित्रात अक्षरं वाचण्याजोगी झाली.

दर ५०.२७. म्हणजे ६० पेक्षा कमी, म्हणून वंडरस्वानचा त्रास इथे उलटा: आवाज ठीक, पण सेकंदाला सुमारे दहा चित्रं दोनदा दिसतात. संथ सरकत्या दृश्यात हिसका कळतो. पडदा ५० वर नेता आला तर प्रश्न मिटला असता. या पॅनेलला तो दर जमत नाही.

अॅनाग्लिफ (दोन रंगांतलं त्रिमिती चित्र) बंद ठेवलं की सपाट चित्र मिळतं. रंग लाल ठेवला, पण दहा मिनिटांत डोळे थकतात; काळं-पांढरं जास्त सुसह्य. दोन डी-पॅडपैकी उजवा उजव्या स्टिकवर. अधिकृत खेळ सगळे मिळून २२, त्यातल्या थोड्यांनाच उजवा पॅड खरंच लागतो.

३० जानेवारी : व्हेक्ट्रेक्स

रेषांचं यंत्र. मूळ ९ इंची उभी नळी, पिक्सेल नाहीतच. व्हीईसीएक्स कोअर सॉफ्टवेअर मोडमध्ये ३३०×४१० चं चित्र काढतो आणि तिरप्या रेषांना पायऱ्या दिसतात. रिझोल्यूशन दुप्पट केलं: आत ६६०×८२०, पडद्यावर ते आक्रसून ३८६×४८०. बायलिनिअर फिल्टर (शेजारचे पिक्सेल मिसळणारा) चालू ठेवला तर आक्रसतानाच रेषा गुळगुळीत होते. इतर सगळीकडे बायलिनिअर नको असतो, इथे तोच हवा. तिप्पट करून फरक दिसला नाही.

खेळ बहुधा ३०,००० घटिकांनी, म्हणजे ५० हर्ट्झने चित्र ताजं करतात. तोच ५०-६० चा हिसका, पण काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रेषा असल्याने कमी खुपतो.

मूळ कंट्रोलरवर चार बटणं एका रांगेत. ती चौकोनी मांडणीवर आणताना १ वाय, २ एक्स, ३ बी, ४ ए असं केलं. अंगभूत माइन स्टॉर्ममध्ये ३ म्हणजे गती आणि ४ म्हणजे गोळी, दोन्ही अंगठ्याच्या एका पेरात येतात. १ चं पलायन डावीकडे, चुकून दाबलं जात नाही.

माइन स्टॉर्म तेराव्या पातळीनंतर कोसळतो. तो दोष मूळ रॉममधलाच आहे, कोअर बदलून काही होणार नाही.

रंगीत प्लास्टिकचे मूळ पडदे ओव्हरले म्हणून लावून पाहिले. या आकारात रेषा झाकोळतात. काढून टाकले.

५ फेब्रुवारी : कीपॅडची यंत्रं

खरी खटपट इथे आहे. तिन्ही यंत्रं टीव्हीला जोडायची, आणि तिघांची बटणं तीन तऱ्हांची.

इंटेलिव्हिजन: सोळा दिशांची चकती, बाजूला कृतीची बटणं, आणि १२ कळांचा कीपॅड. कीपॅडवर प्रत्येक खेळाचा छापील प्लास्टिकचा पत्रा सरकवायचे. तो नसेल तर ५ दाबल्यावर काय होतं हे कळायला मार्ग नाही. फ्रीइंटव्हीमध्ये खांद्याचं बटण धरलं की पडद्यावर छोटा कीपॅड उघडतो, डी-पॅडने कळ निवडायची. शेवटची निवडलेली कळ वाय बटणावर पुन्हा मिळते, ही सोय फार कामाची. सतत लागणारी एकच कळ असेल तर ती सुरुवातीला एकदा निवडून ठेवायची. चकती डाव्या स्टिकवर द्यावी. डी-पॅडवर सोळांपैकी आठच दिशा मिळतात आणि तिरपी नेमबाजी बोथट होते. मूळ कंट्रोलरमध्ये चकती आणि कीपॅड एकाच तारांवर बोलत, त्यामुळे दोन्ही एकदम दाबले तर यंत्राला भलतंच ऐकू येई. इथेही कळ दाबताना स्टिक सोडून द्यायची सवय ठेवावी.

प्रत्येक खेळामागे कळांची दोन ओळींची चिठ्ठी करून ती चित्र म्हणून खेळाच्या मुखपृष्ठाच्या जागी लावली. यादीत खेळावर थांबलं की कळा समोर दिसतात. मुखपृष्ठ गेलं, पण खेळता येऊ लागलं.

ओडिसी२: बहुतेक खेळ 'सिलेक्ट गेम' असं लिहून थांबतात. स्टार्ट दाबून काही होत नाही, कारण यंत्राला पूर्ण कीबोर्ड होता आणि आकडा हवा असतो. ओ२ईएम कोअरमध्ये सिलेक्टने आभासी कीबोर्ड उघडतो. १ निवडला की खेळ सुरू. युरोपातल्या व्हिडिओपॅकचे (ओडिसी२चंच तिकडचं रूप) खेळ ५० हर्ट्झचे. ते अमेरिकी बायोसवर घाईघाईने पळतात. प्रदेश पर्यायांतून बदलायचा.

चॅनल एफ: तिघांत सर्वांत विक्षिप्त. कंट्रोलर म्हणजे एक मूठ. ती आठ प्रकारे हलते: चार दिशा, डावीकडे पिळ, उजवीकडे पिळ, वर ओढ, खाली दाब. गोळीचं वेगळं बटणच नाही. दिशा डी-पॅडवर; ओढ एक्स, दाब बी, पिळ वाय आणि ए. ही मांडणी हाताला पटकन बसते, कारण वरचं बटण म्हणजे वर ओढणं.

सुरू केल्यावर 'जी?' एवढंच येतं. अडकलं असं वाटतं, पण यंत्र कोणता खेळ विचारतंय. उत्तर कन्सोलवरच्या बटणांनी द्यायचं. फ्रीचाफ कोअरमध्ये स्टार्टने ती बटणं पडद्यावर येतात. मूठ हलवूनही काही हलत नसेल तर सिलेक्टने कंट्रोलर अदलाबदल करून पाहावी. काही खेळ डाव्यावर ऐकतात, काही उजव्यावर.

१२ फेब्रुवारी : मेमवरचे अनाथ

ज्या यंत्रांना स्वतःचा कोअर नाही त्यांना मेम. जुने हलके मेम कोअर (२००३-प्लस वगैरे) फक्त आर्केडचे. कन्सोल हवी असतील तर चालू मेमच लागतो. तो कोअर काहीशे एमबीचा आहे आणि १ जीबी रॅमवर उघडायला चांगलाच वेळ घेतो. एकदा उघडला की ठीक.

रचना चुकली की काहीच चालत नाही. फोल्डरचं नाव म्हणजे मेममधलं यंत्राचं छोटं नाव, हुबेहूब. कार्ट्रिजच्या झिपचं नाव सॉफ्टवेअर यादीतलं, हुबेहूब. यंत्राच्या बायोसचा झिप त्याच फोल्डरमध्ये. रॉमसंच कोअरच्या आवृत्तीशी जुळणारा हवा. आवृत्ती बदलली की एखाद्या झिपमधली फाइल नाव बदलते आणि कालपर्यंत चालणारं यंत्र आज नकार देतं. म्हणून हा कोअर अपडेट करायचा नाही, अशी नोंद कार्डावरच लिहून ठेवली.

एंटेक्स अॅडव्हेंचर व्हिजन (१९८२): ४० एलईडींची एक उभी रांग आणि फिरता आरसा, त्यातून १५०×४० चं लाल चित्र. चौपट ६००×१६०. खेळ चारच. चालतं. पट्टीसारखं चित्र मध्ये, वर-खाली काळोख, पण वाचायला स्वच्छ.

टायगर गेम.कॉम (१९९७): २००×१६०, तिप्पट ६००×४८०, मापात इतकं चपखल बसतं की हळहळ वाटते. पडदा स्पर्शाचा, मोजक्या चौकोनांचा, आणि सुरुवातीचा मेनूच बोरूने टोचून चालवायचा. स्टिकला माउस जोडून मेनू पार होतो, पण खेळताना एका हाताने पॅड आणि दुसऱ्याने टोचणं जमत नाही. स्पर्शाचा पडदा असलेल्या यंत्रावर ठेवावं. इथून काढलं.

१५ फेब्रुवारी : उरलेलं

गव्हर्नर: व्हर्च्युअल बॉय आणि मेम परफॉर्मन्सवर, बाकी सगळे पॉवरसेव्हवर. पॉवरसेव्हवर ओडिसी२चा आवाज अधूनमधून चटकायचा. आवाजाचा विलंब ६४ वरून ९६ मिलिसेकंद केला, थांबलं.

कोअर ओव्हरराइड आणि रिमॅपची फोल्डरं संगणकावर उतरवली. रॉम पुन्हा काढता येतात, बटणांची मांडणी पुन्हा बसवायला आठवडा जातो.

बाकी: इंटेलिव्हिजनच्या अकरा खेळांच्या चिठ्ठ्या. वंडरस्वानचे दोन डंप बेरजेत चुकतात; कार्ट्रिजचे संपर्क पुसून पुन्हा वाचायचे.